बाहुलीचे दुखणे : शिशुवयातील कल्पनाखेळ आणि समानुभूती

प्रस्तावना

एक ते तीन वर्षे या वयाला प्रस्तुत विवेचनात ‘शिशुवय’ म्हटले आहे. या वयात मुलाच्या जीवनात दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने अवतरतात : एक, समोर नसलेली वस्तू आहे असे मानून खेळण्याची क्षमता, आणि दुसरी, दुसऱ्याला दुखते-खुपते आहे हे ओळखून त्यासाठी काहीतरी करण्याची धडपड. पहिलीला येथे ‘कल्पनाखेळ’ असे नाव दिले आहे. घरोघरी तिला भातुकली, लुटुपुटूचा खेळ किंवा नुसते ‘खोटं खोटं’ म्हणतात. दुसरीच्या मुळाशी असलेल्या वृत्तीसाठी ‘समानुभूती’ हा शब्द योजला असून, दुसऱ्याच्या भावनेची जाण होणे आणि त्या भावनेचा काही अंश स्वतःच्याही मनात उमटणे, असा तिचा अर्थ घेतला आहे; त्या जाणिवेतून जी कृती घडते, म्हणजे पुसणे, थोपटणे, देणे, जवळ घेणे, तिला ‘आस्था’ म्हटले आहे. या दोन गोष्टी एकाच सुमारास येतात, तेव्हा पहिलीमुळेच दुसरी येते असा निष्कर्ष पालकत्वावरील लोकप्रिय लेखनात सर्रास काढला जातो, आणि बाहुली हातात दिली की मूल मायाळू होईल असे आश्वासन खेळणी विकणारेही मोकळ्या हाताने देतात. तो निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही. कल्पनाखेळ माया उत्पन्न करत नाही; मुलाला जी माया आधीच मिळालेली असते ती दुसऱ्याला देऊन पाहण्याची पहिली मोकळी जागा तो उपलब्ध करून देतो, आणि त्या जागेचे पुढे काय होते हे बरेचसे भोवतालच्या मोठ्या माणसांवर आणि मोठ्या भावंडांवर अवलंबून असते, असा या विवेचनाचा पक्ष आहे.

समानुभूतीचा आरंभ खेळाच्या कितीतरी आधी होतो. मार्व्हिन सिम्नर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, काही दिवसांच्या अर्भकाला दुसऱ्या अर्भकाच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले तर ते तितक्याच मोठ्या पण यंत्राने तयार केलेल्या आवाजापेक्षा अधिक रडते. हे रडणे म्हणजे सहानुभूती नव्हे. त्यात आपण कोण आणि दुसरा कोण हा भेदच अजून नाही. मार्टिन हॉफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने समानुभूतीच्या वाढीचे जे टप्पे मांडले त्यांत हा सर्वांत प्राथमिक टप्पा ठरतो, आणि त्यापुढचा टप्पा अधिक उद्बोधक आहे : मुलाला कळते की दुःख आपले नाही, समोरच्याचे आहे, परंतु त्यावरचा उपाय मात्र ते आपल्याच अनुभवातून उचलते. रडणाऱ्या सवंगड्याची आई शेजारीच उभी असताना त्याचे सांत्वन करायला स्वतःच्या आईला ओढत आणणारे दीड वर्षाचे मूल हे हॉफमन यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. मोठ्यांना त्याचे हसू येते, पण त्यात चूक एवढीच की जे औषध आपल्याला लागू पडते तेच दुसऱ्यालाही पडेल असे मुलाने धरले. दुसऱ्याला औषधाची गरज आहे हे त्याने बरोबर ओळखलेले असते.

दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा निराळी असू शकते, ही समज नेमकी याच सुमारास उगवते. बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांच्या १९९७ च्या प्रयोगात संशोधिकेने मुलांसमोर खारी बिस्किटे खाऊन तोंड वाकडे केले, कच्ची ब्रोकोली मात्र आवडीने खाल्ली, आणि मग हात पुढे करून काहीतरी मागितले. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटेच देऊ केली. अठरा महिन्यांच्या मुलांनी, स्वतःला बिस्किटे प्रिय असूनही, तिला ब्रोकोली दिली. चार महिन्यांच्या या अंतरात फार मोठी मजल मारलेली आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे याच वयाची मुले, अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला आणि त्याला तो मिळेना, तर कोणी न सांगता चिमटा उचलून देतात. तोच चिमटा त्याने मुद्दाम टाकला असेल तर सहसा देत नाहीत. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला अडचण ओळखता येते, हेतू ओळखता येतो आणि मदतीची इच्छाही असते. बाहुली हाती येण्यापूर्वी एवढे भांडवल त्याच्यापाशी जमा आहे, ही गोष्ट ‘समानुभूती शिकवणे’ असा शब्दप्रयोग करताना विसरून चालणार नाही.

आता खेळाकडे वळता येईल. ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या वाढीच्या ज्या बारीक नोंदी ठेवल्या, त्यांतील खेळाविषयीचा भाग १९४५ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यात जॅकलीन ही त्यांची मुलगी सव्वा वर्षाची असताना उशीच्या कडांसारख्या झालरी असलेले एक कापड हाती लागताच ते मुठीत धरते, अंगठा चोखत आडवी होते, डोळे मिटल्यासारखे करते आणि खदखदून हसते. झोप आलेली नसताना झोपेचे सोंग घेणे हा कल्पनाखेळाचा ओनामा. त्यानंतर तीनेक महिन्यांनी तीच मुलगी खेळण्यातल्या कुत्र्याला ‘रड, रड’ म्हणते आणि त्याच्या वतीने स्वतः रडण्याचा आवाज काढते. पुढच्या दिवसांत अस्वल रडते, बदक रडते, शेवटी टोपीसुद्धा रडते. या विषयाच्या अभ्यासकाने या साध्या नोंदीपाशी थांबायला हवे, कारण येथे मुलाने स्वतःची एक अवस्था स्वतःपासून सोडवून दुसऱ्याच्या ठिकाणी ठेवलेली आहे. रडणे आता केवळ आपल्यावर ओढवणारी गोष्ट राहिलेली नाही. ते दुसऱ्यालाही येते, आणि ते आणवताही येते व थांबवताही येते.

बाहुलीशी चालणाऱ्या खेळाची वाढ पुढे ठरावीक क्रमाने होताना अनेक निरीक्षकांना आढळली आहे. प्रथम मूल रिकाम्या पेल्यातून स्वतः पाणी प्यायचे सोंग करते. मग पेला बाहुलीच्या तोंडाला लावते, पण बाहुली अजून नुसती घेणारी असते. दोन वर्षांच्या आसपास बाहुलीच पेला उचलते, चालते, पडते. आणि त्यानंतर हळूहळू बाहुलीला भूक लागते, भीती वाटते, तिला शाळेत जायचे नसते. शेवटचा टप्पा आला की लाकडाच्या किंवा चिंध्यांच्या वस्तूला मुलाने मन दिलेले असते. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ यांच्या १९९३ च्या प्रयोगांत खोडकर अस्वल एखाद्या प्राण्याच्या डोक्यावर लटका चहा ओतते तेव्हा दोन वर्षांवरील मुले तो प्राणी ‘ओला’ झाल्याचे सांगतात, जरी थेंबभरही पाणी सांडलेले नसले तरी. नसलेल्या गोष्टीचा परिणाम मनात चालवून पाहण्याची ही शक्ती आणि ‘त्याच्या जागी असतो तर’ हा विचार करण्याची शक्ती यांचे नाते जवळचे आहे, असे मानायला आधार आहे. ॲलन लेस्ली यांनी १९८७ मध्ये हे नाते सिद्धान्तरूपाने मांडले, आणि केळ्याला टेलिफोन मानणारे मूल हे त्यांचे उदाहरण तेव्हापासून या शाखेत रूढ झाले.

मराठी घरांत या खेळातील अनुकरणाची सूक्ष्मता पाहायची असेल तर बाहुलीच्या न्हाणीकडे पाहावे. तान्ह्या बाळाला पाय पसरून त्यांवर पालथे घेण्याची, तेल चोळण्याची, हाताच्या ओंजळीने कपाळावर आडोसा करून पाणी घालण्याची, नंतर पंच्यात गुंडाळून धुरी देण्याची जी रीत आजीपासून आईपर्यंत चालत आलेली आहे, ती दोन-सव्वादोन वर्षांचे मूल पाठच्या भावंडाची न्हाणी आठ-पंधरा दिवस पाहून बाहुलीवर जशीच्या तशी उतरवते. पाण्याचा थेंब नसतो, पण डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून कपाळावरचा आडोसा असतोच. तो आडोसा कोणी शिकवलेला नसतो. काळजी ही भावना म्हणून कळण्यापूर्वी ती हाताची एक ढब म्हणून कळते, आणि उपदेशाला जे साधत नाही ते या ढबीला साधते, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जेवताना दटावल्या जाणाऱ्या मुलाची बाहुलीही दटावली जाते, तिला चापट बसते, ‘गप बस’ म्हटले जाते. खेळ चांगले तेवढे निवडून घेत नाही.

या बाबतीत पुराव्याचे वजन किती, हेही प्रस्तावनेतच सांगून टाकणे योग्य. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्पनाखेळाच्या परिणामांविषयीचे सर्व उपलब्ध संशोधन एकत्र तपासून २०१३ मध्ये एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, आणि त्याने या क्षेत्रातील उत्साहाला चांगलाच लगाम घातला. कल्पनाखेळ विकासाला अनिवार्य आहे, की तो अनेक मार्गांपैकी एक आहे, की दुसऱ्याच कशाची (उदाहरणार्थ, मुलाशी भरपूर बोलणाऱ्या पालकांची) तो केवळ सोबती आहे, या तीन शक्यता त्यांनी समोर ठेवल्या आणि पहिलीला भक्कम आधार नाही असे दाखवले. नंतर २०२० मध्ये कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांत, एकटे बाहुल्यांशी खेळतानाही मेंदूचा सामाजिक आकलनाशी संबंधित भाग सक्रिय होतो असे नोंदवले. परंतु ती मुले शिशुवयाच्या पुढची होती, शिवाय त्या कामाला बार्बी बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचे अर्थसाहाय्य होते, आणि मेंदूचा भाग सक्रिय होणे व मूल शेजारच्याला खाऊ देणे यांत बरेच अंतर आहे. लिलार्ड यांच्या तीन शक्यतांपैकी दुसरी, म्हणजे अनेक मार्गांपैकी एक ही, येथे ग्राह्य धरली आहे. मार्ग एकमेव नसला तरी चांगला असू शकतो.

मग त्या मार्गावर मोठ्यांनी काय करावे? सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचे २०१३ चे काम या प्रश्नापुरते विशेष उपयोगी आहे. पालक आणि शिशू चित्रांचे पुस्तक पाहत असताना जे पालक ‘हा रडतोय’ असे स्वतः सांगून मोकळे होत त्यांच्यापेक्षा, ‘याला काय झालं असेल?’ असे मुलालाच विचारून त्याच्याकडून उत्तर काढत त्यांची मुले वाटून देण्यात आणि मदत करण्यात पुढे आढळली. सांगण्यापेक्षा विचारणे, हे खेळातही लागू पडते. बाहुली पडली, की मोठ्याने ‘अरेरे, तिला औषध लाव’ असा हुकूम सोडला तर मूल औषध लावते आणि खेळ संपतो. ‘कुठे लागलं गं तिला?’ एवढेच विचारले तर मुलाला जखमेची जागा ठरवावी लागते, ती कशी झाली हे रचावे लागते आणि उपाय शोधावा लागतो. बक्षिसाविषयी तर अधिकच सावध राहावे लागते : वार्नेकेन आणि टोमासेलो यांनीच २००८ मध्ये दाखवले की वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणे दिले गेले ती पुढच्या वेळी, बक्षीस बंद होताच, कमी मदत करू लागली. शाबासकीचा अतिरेक करणाऱ्या आजच्या पालकवर्गाला हे फारसे रुचणार नाही.

बाहुलीला चापट बसते तेव्हा काय करावे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि ‘असं मारू नये’ हे त्याचे ठरलेले उत्तर सर्वांत निरुपयोगी आहे, कारण त्याने मूल खेळातून बाहेर फेकले जाते आणि ज्या अनुभवाची ते उजळणी करत होते तो तसाच अर्धा राहतो. खेळाच्या आत राहून बाहुलीच्या वतीने बोलणे, ‘मला लागलं, मी घाबरले’ एवढेच म्हणणे आणि मुलाला पुढची चाल करू देणे अधिक बरे. काही मुले मग पुन्हा मारतात. तेही चालू द्यावे. भूमिका उलटून पाहण्यासाठीच हा खेळ असतो, आणि मार खाणाऱ्याने एकदा मारणारा होऊन पाहिल्याशिवाय त्याला समजावणारा होता येत नाही, असे अनेकदा दिसते. बाहुलीचा गाल रोजच रंगत असेल तर प्रश्न बाहुलीच्या गालाचा नसतो, एवढे मात्र घरातल्यांनी ओळखावे.

रडणाऱ्या मुलाची समजूत घालण्याच्या आपल्याकडच्या दोन जुन्या युक्त्याही या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत, कारण त्या दोन्ही मुळात कल्पनाखेळच आहेत. मूल जमिनीवर आपटले की जमिनीला चापट मारून ‘हात रे’ म्हणायचे, ही एक. ‘बघ, मुंगी मेली’ म्हणून त्याचे लक्ष खाली वळवायचे, ही दुसरी. पहिलीत दुःखाला कोणीतरी गुन्हेगार असतो आणि त्याला शिक्षा झाली की दुःख शमते, असा धडा नकळत दिला जातो. दुसरीत मूल आपले रडणे थांबवून आपल्यापेक्षा लहान जिवाला शोधू लागते, जरी त्या बिचारीच्या मरणाचा ठपका त्याच्यावरच आलेला असला तरी. दोन्हींत निवड करायची तर मुंगीच बरी. आणि मुंगी मेली असे म्हणण्याऐवजी तिला लागले का ते पाहू असे म्हटले, तर जुन्या युक्तीचे सोने होईल. घास भरवताना कावळ्याचा नि चिमणीचा वाटा काढण्याची रीतही याच जातीची आहे.

बालशिक्षणाच्या इतिहासात कल्पनाखेळाला नेहमीच मान मिळाला असे नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेव्हा तेथील मुलांनी महागडी खेळणी बाजूला टाकून खरे काम पसंत केले, हा त्यांचा अनुभव होता, आणि त्यावरून लटक्या स्वयंपाकापेक्षा खरी भाजी चिरणे श्रेष्ठ अशी त्यांची धारणा झाली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात ही पद्धती भारतीय वातावरणात रुजवली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी तिचे रूप पार बदलून टाकले. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या, कारण ज्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड आहे ती त्याला टाकून शाळेत येणार नाही, हे या दोघींनी ओळखले होते. तिच्या दृष्टीने बाळ सांभाळणे हे खोटे खोटे नव्हते.

खरे सांभाळणे आणि लटके सांभाळणे यांतील हा संबंध मानववंशशास्त्रातही पुढे आला आहे. बीट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांनी सहा देशांतील सहा वस्त्यांचा जो अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात उत्तर प्रदेशातील खालापूर हे गाव होते. जेथे मुलांकडे लहान बाळांची जबाबदारी असते तेथे ती एकंदरीत अधिक आस्थेने वागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शिशूंविषयीचे जे तौलनिक काम प्रसिद्ध केले त्यातील एक ठिकाण राजस्थानातील ढोल की पट्टी हे आदिवासी गाव होते, आणि तेथे आईने मुलाशी खेळायला बसणे ही कल्पनाच फारशी रूढ नव्हती. खेळायचे ते भावंडांशी. इंग्लंडमधील घरांत जूडी डन यांनी केलेली निरीक्षणेही याला पूरक आहेत : दोन वर्षांच्या मुलाच्या खेळात आई बहुधा बाहेरून सूचना करणारी प्रेक्षक असते, तर मोठे भावंड स्वतः भूमिका घेऊन आत उतरते. महाराष्ट्रात मोठ्या मुलांच्या खेळात शेंबड्या धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यात त्याला नियम लागू होत नाहीत, तो बाद होत नाही, पण तो खेळात असतो. दुबळ्याला सामावून घेण्याचे याहून सोपे शिक्षण सापडणे कठीण. आणि त्यातून धाकटा शिकतो त्यापेक्षा थोरलाच अधिक शिकतो.

परंपरेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. बोळकी, चूल, जाते, पाटा-वरवंटा, सावंतवाडीची रंगीत लाकडी भांडी, ठकी आणि बाहुला-बाहुलीचे लग्न हा भातुकलीचा सारा संसार मुलींसाठी मांडला गेला होता, आणि ज्या काळात तो भरभराटीला होता त्या काळात मुलीचा खराखुरा संसारही खेळाच्या वयातच सुरू होत असे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा त्या अकराएक वर्षांच्या होत्या. तेव्हा भातुकली ही काळजी घेण्याची शाळा होती तशीच ती काळजीचे ओझे कोणी वाहायचे हे ठरवून टाकणारी शाळाही होती. मुलग्याच्या हातातून बाहुली काढून त्याला गाडी देण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि तिचे समर्थन कोणत्याही संशोधनात सापडत नाही. दीड वर्षाचा मुलगाही बाहुलीला तितक्याच तत्परतेने थोपटतो, जोवर कोणी त्याला हसत नाही.

आज एकुलत्या एक मुलांच्या आणि दोघेही नोकरी करणाऱ्या पालकांच्या घरांत भावंडांची जागा पाळणाघराने घेतली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा तीन ते आठ वर्षांचा धरला आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. आराखडे असोत, पण शिशूच्या खेळाचा खरा साक्षीदार पाळणाघरातली ताई, अंगणवाडी सेविका, आजी-आजोबा किंवा वरच्या मजल्यावरची शेजारीण असते. या प्रस्तावनेत उल्लेखलेली बहुतेक निरीक्षणे युरोप-अमेरिकेतील घरांतून आणि प्रयोगशाळांतून आलेली आहेत, याचे एक कारण असे की तेथे कोणीतरी पाहिलेले लिहून ठेवले. जॅकलीनच्या रडणाऱ्या टोपीची नोंद करायला वही, तारीख, मुलाचे वय आणि जे दिसले तेच लिहिण्याचा संयम याखेरीज काही लागले नव्हते. ज्यांच्यासमोर मराठी बोलणारी शिशूमंडळी रोज खेळत आहेत त्यांनी अशा नोंदी मराठीत ठेवाव्यात, मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवावेत, आणि येथील एखादे विधान त्या नोंदींशी जुळले नाही तर ते बेलाशक खोडावे.